फूटपाथ आणि पोट

१९८१ च्या ऐन पावसाळ्यात मुंबईच्या फूटपाथांवरील झोपड्या उठविण्याचे सरकारने ठरविले. फूटपाथवर झोपडी घालण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, असे रहिवाशांतर्फे उच्च न्यायालयात कबूल केले गेले. (पावसाळ्यापुरती मुदत हवी असलेला माणूस दुसरे करणार काय?) सर्वोच्च न्यायालयात पालिकेने हीच कबुली पुढे केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटना यांच्या बाजूने मात्र मांडणी झाली ती पोटाची: कामाजवळचा मुक्काम हलला की रोजी जाते, आणि रोजीशिवाय जगणे कसले? आम्ही कामगार चळवळीतली माणसे हे गेटसभांतून सांगतच होतो. कायद्याच्या भाषेत ते बसविणे हे वेगळे कसब. १० जुलै १९८५ रोजी यशवंतराव चंद्रचूडांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने जगण्याच्या हक्कात उपजीविका धरली. मूलभूत हक्क कबुलीने सुटत नाहीत, असेही म्हटले. झोपड्यांना अभय मिळाले ते पावसाळ्यानंतर महिनाभर, ३१ ऑक्टोबरपर्यंत.