रॅमच्या किमती का वाढल्या? कंपन्यांचं साटंलोटं की वाढलेली मागणी?

२०२५च्या उत्तरार्धापासून कॉम्प्युटरची रॅम झपाट्याने महागली. ‘कंपन्यांनी संगनमत करून भाव वाढवले’ असे मेसेज फिरू लागले. यात तथ्य किती, ते पाहूया.

संशय का येतो?

रॅममध्ये लागणाऱ्या डीरॅम चिप्सपैकी सुमारे ९० टक्के चिप्स सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. शिवाय या धंद्याला जुना डागही आहे. २००२च्या आधीची काही वर्षं मेमरी कंपन्या आपसांत बोलून डेल, आयबीएम, ॲपलसारख्या ग्राहकांसाठी दर ठरवत होत्या. अमेरिकेच्या न्याय विभागाच्या तपासात हे उघड झालं. इन्फिनिऑनला १६ कोटी, हायनिक्सला १८.५ कोटी आणि सॅमसंगला ३० कोटी डॉलर दंड झाला. काही अधिकारी तुरुंगात गेले. तपासाला सहकार्य केल्यामुळे मायक्रॉन दंडातून सुटली.

या वेळी काय घडलं?

एआयच्या डेटा सेंटरना ‘एचबीएम’ नावाची वेगवान मेमरी लागते. डीरॅमचेच थर एकावर एक रचून ती बनते. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या रॅमच्या तुलनेत तिला सुमारे तिप्पट सिलिकॉन वेफर लागतात. साहजिकच साध्या रॅमच्या वाट्याला कमी वेफर येतात. नवा कारखाना उभा राहायला काही वर्षं लागतात. त्यात २०२३मध्ये मालाला उठाव नसल्याने कंपन्यांनी मोठा तोटा सोसून उत्पादन घटवलं होतं. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने तर सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ ब्रँड बंद करण्याची घोषणा केली आणि त्यामागे एआयची वाढती मागणी हे कारण दिलं.

एकाच वेळी भाव वाढले म्हणजे कार्टेल का?

नाही. तेल महागलं आणि चौकातल्या तिन्ही गाड्यांवर वडापाव महागला, तर तो गुन्हा नाही. तिघांनी आदल्या दिवशी बसून दर ठरवला, तर ते कार्टेल.

अमेरिकेतल्या ग्राहकांनी २०१८मध्ये याच तीन कंपन्यांवर खटला भरला. तिघींनी एकाच काळात पुरवठा आखडता घेतला, असा आरोप होता. २०२२मध्ये अपील न्यायालयानेही तो खटला फेटाळलेलाच ठेवला. सारखं वागणं पुरेसं नाही, आपसांत करार झाल्याचं दाखवणारी माहिती हवी, असा त्याचा अर्थ.

मग निष्कर्ष काय?

सध्याच्या दरवाढीमागे मागणीचं ठोस कारण दिसतं. पण स्पर्धक तीनच असले की एकमेकांशी न बोलताही पुरवठा जपून वाढवणं तिघांच्या फायद्याचं ठरतं. त्याचा भुर्दंड ग्राहकालाच पडतो, तरी कायद्याच्या भाषेत ते संगनमत नाही. म्हणून ‘कार्टेल’चा मेसेज पुढे पाठवण्याआधी एकच पाहा: त्यात बैठक, ईमेल किंवा फुटलेला साक्षीदार आहे, की फक्त भावाचा आलेख?