खडे, मणी आणि संख्यानामे

पंतोजींच्या शाळेत अंकज्ञान मुख्यतः कानांवाटे येई. उजळणी, पावकी-निमकी यांत वस्तूपेक्षा उच्चाराला मान होता. ही परंपरा बदलू पाहणाऱ्यांत ताराबाई मोडक अग्रणी. 1926 मध्ये गिजुभाई बधेकांसमवेत नूतन बाल शिक्षण संघ उभारताना त्यांच्यापुढे माँटेसरीचा आदर्श होता. 1945 मध्ये बोर्डीस आणि 1957 पासून कोसबाडच्या वारली मुलांत त्यांनी व अनुताई वाघ यांनी परिसरातील खडे, शिंपले, बियाच साधने केली. याला निव्वळ काटकसर म्हणणे अन्यायाचे होईल. मुलाच्या ओळखीच्या वस्तूतून संख्या उमगावी, ही त्यामागील दृष्टी होय.

वस्तूचा क्रम आणि भाषेचा क्रम मात्र जुळत नाहीत. माँटेसरीच्या मण्यांत सत्तावीस म्हणजे दहाच्या दोन कांड्या व सात सुटे. मराठी शब्द आधी सात उच्चारतो. ‘एकोणतीस’ तर वजाबाकीच सांगतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकाने ‘वीस सात’ ही जोडवाचनपद्धती पुढे आणली, तेव्हा भाषा बिघडल्याची ओरड झाली. मंगला नारळीकरांनी तिचे समर्थन केले. जुने शब्द पुस्तकात होतेच, हे ओरडीत बुडाले. नॉर्वेने 1951 मध्ये असाच बदल अधिकृतपणे केला. जुनी गणना तेथील बोलण्यातून आजही गेलेली नाही.