एक जिल्हा, दोन ध्वज

परभणी जिल्ह्यात तिरंगा फडकावणे हा एके काळी अपराध ठरत असे. जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात विलीनीकरणासाठी सत्याग्रह आरंभला. झेंडावंदन हे त्याचे एक ठळक रूप होते. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान शरण आले. या लढ्याच्या स्मृतीने ‘मराठवाडा’ या शब्दाला अभिमानाचे वजन दिले.

तीस वर्षांनी त्याच अभिमानाची कसोटी लागली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि परभणी, नांदेड, औरंगाबाद जिल्ह्यांत दलित वस्त्या पेटल्या. विरोधकांत मुक्तिलढ्याचे नेते गोविंदभाई श्रॉफही होते. प्रादेशिक अस्मितेचा त्यांचा युक्तिवाद प्रामाणिक मानला, तरी प्रश्न उरतोच : नाव विद्यापीठाचे बदलायचे होते, मग घरे खेड्यांतल्या दलितांचीच का जळली?

उत्तराचा एक धागा वस्तीच्या तोंडाशी रोवलेल्या निळ्या झेंड्यात सापडतो. वस्तीला तो माणूसपणाची ग्वाही वाटतो. गावातल्या काहींना तेच आव्हान वाटते. कापड एकच, अर्थ दोन.

अमेरिकेतील वर्णद्वेषाशी याची तुलना होते. दलित पँथरने १९७२ साली नावच तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. मात्र आंबेडकरांनी अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात असल्याचा सिद्धान्त १९४८च्या ग्रंथात नाकारला. आणि तत्पूर्वी, १९४६ साली, दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याविषयी ड्यू बॉइस यांना पत्रही लिहिले. या दोन भूमिकांत आम्हांला विसंगती दिसत नाही. उगम वेगळा असला तरी अवमानाचा अनुभव एकमेकांना ओळखता येतो.

१४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठ ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा’ झाले. काहींनी याला नामांतर म्हटले, काहींनी नामविस्तार. पुढच्याच वर्षी परभणीत नारायण सुर्व्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले. जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यातले. दासीच्या अभंगांना शिरोधार्य मानणाऱ्या प्रदेशाने दलिताच्या झेंड्याला भिण्याचे कारण काय, हा प्रश्न वर्गात आम्ही शिक्षकांनी विचारायला हवा. तिरंग्यासाठी तुरुंगात गेलेल्यांचा वारसा सांगताना तो टाळता येत नाही.