दाताची कीड आणि तिचा डिंक

आपल्याकडे दात किडला की ‘दाताला कीड लागली’ असं म्हणतात. शब्द जुना आहे. सुश्रुतानं दंतरोगांत ‘कृमिदंतक’ नावाचा रोग सांगितला. बाबिलोनच्या मातीच्या विटांवरही दात पोखरणाऱ्या किड्याची कथा कोरलेली सापडते. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली कीड पाडणारे वैदू आपल्या खेड्यांतून फिरत. युरोपातही अशाच एका विषारी झाडाच्या बियांची धुरी देत. खाली पडणारे पांढरे ‘किडे’ म्हणजे बहुधा भाजलेल्या बियांतून बाहेर आलेले कोंभच असत! पण हसू नका, श्रोतेहो. दातात काहीतरी जिवंत आहे, ही कल्पना अगदीच चुकीची नव्हती. फक्त ते डोळ्यांना दिसणारं नव्हतं.

ते प्रथम पाहिलं हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापडाच्या व्यापाऱ्यानं. त्याचं नाव लेव्हेनहूक. हा गृहस्थ रोज सकाळी मिठानं दात घासायचा. तरीही दातांच्या फटीत थोडा पिठासारखा पांढरा मळ राहायचा. 1683 साली त्यानं तो मळ आपल्याच हातानं घासलेल्या भिंगाखाली धरला, तर आत असंख्य जीव वळवळताना दिसले. पुढं त्यानं आणखी एक मजेदार प्रयोग केला. तोंडात व्हिनेगर घेऊन खूळखूळ चूळ भरली आणि पुन्हा मळ पाहिला. जीव जिवंतच! मळ बाहेर काढून त्यावर व्हिनेगर घातलं, की मात्र ते मरत. त्यानं अनुमान काढलं, की चुळीतलं व्हिनेगर मळाच्या वरवरच्या जीवांनाच मारतं, आत शिरत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढची सारी गोष्ट त्या मळाचीच आहे.

यानंतर दोनशे वर्षं फारसं काही घडलं नाही. मग बर्लिनमध्ये मिलर नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं काढलेले दात लाळेत आणि पावात भिजत ठेवले. दात मऊ पडले. पावाऐवजी मांस ठेवलं तर तसं होईना. 1890 साली त्यानं आपलं मत ग्रंथरूपानं मांडलं: तोंडातले जंतू पिठूळ आणि गोड अन्न आंबवतात, त्यातून आम्ल होतं, आणि आम्लानं दाताचं कवच विरघळतं. पण मग आम्ल सगळ्या तोंडात असताना दात ठरावीक जागीच का किडतो? याचं उत्तर त्या दशकात ब्लॅक आणि विल्यम्स यांनी दाखवलं. जंतू दातावर चिकट थर करून बसतात आणि आम्ल त्या थराखालीच कोंडून राहतं.

यातला मुख्य आरोपी 1924 साली लंडनमध्ये क्लार्कला सापडला. मण्यांसारखे गोल जंतू, पण काही जरा लांबट. त्याला वाटलं, मूळ जातीतून बदललेले असावेत. म्हणून नाव ठेवलं ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’. आणि मग काय, जगानं त्याला सुमारे चाळीस वर्षं विसरून टाकलं.

त्याला परत उजेडात आणलं ते हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांनी. अमेरिकेत बेथेस्डा इथं कीज आणि फिट्झजेराल्ड काम करत होते. त्यांच्याकडे हॅमस्टरांची काही कुळं अशी होती, की भरपूर साखर चारूनही त्यांचे दात शाबूत. घराण्याचा गुण, असं कोणीही म्हटलं असतं. कीजनं त्यांना दात किडलेल्या प्राण्यांसोबत एकाच पिंजऱ्यात ठेवलं, आणि त्यांचेही दात किडू लागले! उलट, माद्यांना जंतुनाशक औषध दिलं तर पिल्लांचे दात वाचत. म्हणजे कीड आईकडून पिल्लाकडे जात होती, पण रक्तातून नव्हे, लागणीनं. 1960 साली हे प्रसिद्ध झालं.

आता या जंतूचं बळ कशात? त्याच्याजवळ एक विकर असतं, म्हणजे एन्झाइम. आपली रोजची साखर दोन साखरांची जोडी असते. हे विकर ती जोडी तोडतं आणि एका भागाची लांबच लांब साखळी विणतं. तिला ग्लुकन म्हणतात. हा अक्षरशः डिंक. त्यानं जंतू दाताला आणि एकमेकांना घट्ट धरून बसतात. गुळातही मुख्यतः तीच साखर असते, तेव्हा गूळखाऊंनी निश्चिंत राहू नये. भातभाकरीच्या पिठापासून हा डिंक होत नाही, साखरेपासून होतो. गोड चिकट असेल आणि जेवणांच्या मधेमधे खाल्लं जाईल, तर नुकसान जास्त. हे स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म इथं 1945 पासूनच्या प्रयोगांत दिसलं. पण ते प्रयोग मतिमंदांसाठीच्या संस्थेतल्या असहाय माणसांना मुद्दाम चिकट टॉफी चारून केले होते. ज्ञान खरं, पण ज्यांचे दात गेले त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. शिक्षकांनी हा भाग वर्गात सांगताना गाळू नये.

मग डिंकच तोडता येईल का? 1968 मध्ये साखळी कापणारं एक दुसरं विकर हॅमस्टरांना देऊन पाहिलं. गुण आला. माणसांत तितका आला नाही, कारण माणसाच्या दातावरच्या ग्लुकनाची वीण बरीचशी वेगळी. 1970 साली डेन्मार्कमधल्या ल्यो आणि स्क्योट यांनी क्लोरहेक्झिडीनच्या चुळा भरायला लावून थर धरूच दिला नाही. उपाय जोरदार, पण दातांवर तपकिरी डाग पडतात, जिभेची चव बिघडते. शिवाय तोंडातले निरुपद्रवी जंतूही मरतात, आणि त्यांची जागा कोण घेईल याचा भरवसा नसतो.

म्हणून नवा विचार असा निघाला, की जंतूला मारायचंच नाही. त्याचं डिंक करणारं यंत्र तेवढं बंद पाडायचं. कुलपाच्या भोकात काडी अडकवली की किल्ली फिरत नाही, तसं. चहातली काही द्रव्यं प्रयोगशाळेत हे काम थोडंफार करतात. (आपल्या चहात पडणारी साखर पाहता त्याचा उपयोग किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.) पण नेमकी काडी हवी तर भोकाचा आकार आधी ठाऊक हवा. तो 2011 साली जपानी शास्त्रज्ञांनी विकराचे स्फटिक करून काढला. 2017 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर सुमारे पाच लाख लहान रेणू त्या भोकात बसवून पाहिले. नव्वद निवडले, प्रत्यक्ष तपासले, आणि त्यांतले सात कामाचे निघाले. सर्वांत चांगल्या रेणूनं जंतूंची वाढ थांबवली नाही, फक्त त्यांना थर धरू दिला नाही. उंदरांत दात किडण्याचं प्रमाण घटलं.

पण उंदरावरून माणसावर उडी मोठी आहे. माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ वाहते, आणि ती लहान रेणूला दातावर टिकू देत नाही. तो दोन घटकांनी धुऊन गेला तर डिंक पुन्हा सुरू. त्याला तिथं धरून कसं ठेवायचं, आणि वर्षानुवर्षं गिळला गेला तर पोटाला काही अपाय तर नाही, हे दोन्ही प्रश्न लहान नाहीत. तोवर घराघरांत हाताशी असलेले उपाय ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट हेच. आणि ब्रश करतो काय? तो थर खरवडून काढतो. लेव्हेनहूकच्या मिठाचंही काम तेच होतं.