म्हातारपण कुठल्या देशात?

'म्हातारपणी कुठं राहणार?' असं कुणी विचारलं, तर आपल्याकडं उत्तर ठरलेलं असतं. थोरल्याकडं, नाहीतर धाकट्याकडं, नाहीतर आहे त्याच घरात. पण काही ठिकाणी माणसं विचार करतात, कुठल्या देशात राहायचं? नोकरी संपते, पेन्शन सुरू होते, मग घर विकून दुसऱ्याच देशात बिऱ्हाड थाटायचं. ब्रिटनमधल्या लाखो माणसांनी गेल्या साठेक वर्षांत हे केलं. जाताना त्यांनी तिथलं ऊन पाहिलं, समुद्र पाहिला, घराची किंमत पाहिली. पुढं म्हातारपण निवांत गेलं की ओढगस्तीचं, हे मात्र बऱ्याचदा कागदांनी ठरवलं. त्या कागदांचा इतिहास आज ऐकू या.

पहिला कागद पेन्शनचा. ब्रिटनमध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा १९०८ साली झाला. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरीब माणसाला आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागले. ते घेणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या. अट अशी होती की, माणूस २० वर्षं देशात राहिलेला असावा. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, नवा कायदा आला. मजुरीतून दर आठवड्याला वर्गणी कापायची आणि म्हातारपणी सरकारनं पेन्शन द्यायची. एकट्या माणसाला आठवड्याला २६ शिलिंग ठरले. पुरुषांचं पेन्शनचं वय ६५, बायकांचं ६०. वर्गणी भरली की कार्डावर तिकीट चिकटवत, म्हणून लोक तिला 'स्टॅम्प'च म्हणत.

या योजनेचा आराखडा १९४२ साली विल्यम बेव्हरिज यांच्या अहवालात मांडला गेला होता. त्यात धरून चाललं होतं की, लग्न झालेल्या बाईला नवरा पोसणार. म्हणून नोकरी करणाऱ्या विवाहितेला मुभा दिली : पूर्ण वर्गणी भर, नाहीतर अगदी थोडी भर. हातात चार पैसे जास्त येतात म्हणून कित्येकींनी थोडी वर्गणी निवडली. पण त्या वर्गणीवर स्वतःच्या नावानं पेन्शन मिळत नव्हती. म्हातारपणी मिळायची ती नवऱ्याच्या वर्गणीच्या आधारानं, त्याच्या मूळ पेन्शनच्या साधारण ६० टक्के. नव्यानं ही सवलत घेणं १९७७ साली बंद झालं. तोवर बऱ्याच बायकांची उमेदीची वर्षं निघून गेली होती. दुसऱ्या देशात राहायला गेलेल्या जोडप्यांत अशा बायका पुष्कळ होत्या. राबलेली ती, पण कागदावर नाव त्याचं.

आता स्पेनकडं जाऊ. ब्रिटनमध्ये थंडी, पाऊस आणि ढग. स्पेनच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर वर्षातले बरेच दिवस ऊन. पन्नासच्या दशकात ते किनारे कोळ्यांचे होते. १९५९ साली हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारनं परदेशी पैशासाठी दारं उघडली, चलन स्वस्त केलं, आणि पर्यटकांची रीघ लागली. बेनिडॉर्म हे मासेमारीचं गाव, पाहता पाहता उंच इमारतींचं शहर झालं. सुट्टीला आलेल्यांना वाटू लागलं, इथंच राहिलं तर? अडचण पैसे नेण्याची होती. ब्रिटनमधून पैसा बाहेर काढण्यावर सरकारची कडक बंधनं होती. १९६६ पासून काही वर्षं तर सहलीला जातानाही माणशी ५० पौंडच नेता येत. ही बंधनं १९७९ साली उठली आणि परदेशात घर घेणं सोपं झालं. १९८६ मध्ये स्पेन युरोपीय समुदायात आला. १९९० साली समुदायानं ठरवलं की, ज्याच्याकडं पुरेसं उत्पन्न आणि आजारपणाचा विमा आहे, त्या पेन्शनरला कुठल्याही सदस्य देशात राहता येईल. पेन्शन तिकडं मिळे, दरवर्षी वाढे, आणि औषधपाण्याचा खर्च ब्रिटन स्पेनला भरून देई.

पण प्रत्येक देशात असं नव्हतं. ब्रिटनची पेन्शन महागाईबरोबर वाढते. तुम्ही परदेशात गेलात तर ती वाढेल की नाही, हे देशावर ठरतं. स्पेन, फ्रान्स, अमेरिका इथं वाढते. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथं वाढत नाही. पहिल्या दिवशी जो आकडा, तोच मरेपर्यंत. याला तिकडं 'गोठलेली पेन्शन' म्हणतात. ज्या देशांशी वाढीचा करार झाला तिथं वाढ, बाकी ठिकाणी नाही. १९८१ नंतर ब्रिटननं असे नवे करारच केले नाहीत.

आकडे पाहा. २००० साली पूर्ण मूळ पेन्शन आठवड्याला साडेसदुसष्ट पौंड होती. २०२४ मध्ये तीच १६९ पौंड ५० पेन्स झाली. एकीनं २००० साली पेन्शन घेतली आणि ती स्पेनला गेली, तर तिला २०२४ मध्ये १६९ मिळाले. दुसरीनं तेवढीच वर्गणी भरली, त्याच साली पेन्शन घेतली, पण ती लेकीजवळ राहायला ऑस्ट्रेलियाला गेली. तिला अजून साडेसदुसष्टच. लेकीच्या ओढीची किंमत एवढी!

सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट वेस्ट इंडीज बेटांची. महायुद्धानंतर ब्रिटनला माणसं हवी होती. या बेटांवरच्या बायका तिथल्या सरकारी दवाखान्यांत नर्स झाल्या. १९५६ पासून लंडनच्या बस आणि रेल्वेसाठी बार्बाडोसमध्ये जाऊन माणसं भरती केली. पिढीभर राबून काहीजण म्हातारपणी आपल्या बेटावर परतले. जमैका आणि बार्बाडोसशी करार होता, म्हणून तिथं गेलेल्यांची पेन्शन वाढत राहिली. त्रिनिदादशी नव्हता, तिथल्यांची गोठली. एकाच वॉर्डात शेजारी-शेजारी रात्रपाळी केलेल्या दोघी, एकीचं गाव एका बेटावर, दुसरीचं दुसऱ्या. एवढ्यावर वीस वर्षांचा फरक पडला. भारतातही ही पेन्शन गोठते. ब्रिटनमध्ये उमर घालवून आपल्याकडं परतलेल्यांना, मग ते पंजाबी असोत, गुजराती की मराठी, हाच नियम लागतो.

याविरुद्ध अ‍ॅनेट कार्सन नावाची बाई उभी राहिली. आयुष्याचा मोठा भाग तिनं ब्रिटनमध्ये नोकरी केली, मग दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाली. तिथूनही स्वखुशीनं वर्गणी भरत राहिली. २००० साली पेन्शन सुरू झाली आणि गोठली. तिचं म्हणणं साधं होतं : वर्गणी सगळ्यांसारखी भरली, मग वाढ का नाही? ती कोर्टात गेली. २००५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठानं नाही म्हटलं. मग आणखी काही पेन्शनर तिच्याबरोबर युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. २०१० साली तिथंही अकरा विरुद्ध सहा मतांनी हरले. न्यायाधीश म्हणाले, पेन्शन ही मुळात देशात राहणाऱ्यांसाठी आहे. बाहेर राहणारा त्यांच्याशी बरोबरी सांगू शकत नाही. १९०८ ची ती जुनी अट आठवते ना? शंभर वर्षांनी ती वेगळ्या शब्दांत पुन्हा समोर आली.

मग स्पेनला गेले ते सुखी झाले का? बरेच झाले. पण तिथंही कागद आडवे आले. २००८ च्या जानेवारीत आल्मेरिया प्रांतात वेरा गावी एका ब्रिटिश पेन्शनर जोडप्याचं घर सरकारनं पाडलं. घराला नगरपालिकेचा परवाना होता, पण वरच्या सरकारनं तोच रद्द ठरवला होता. सातबारा कोरा दिसला म्हणून जमीन घेतली आणि पुढं घोटाळा निघाला, तसलाच प्रकार. पौंडही घसरला. २००७ च्या सुरुवातीला एका पौंडाला दीड युरो मिळत. २००८ सरताना जेमतेम एक. पेन्शन पौंडात, बाजारहाट युरोत. २०१६ मध्ये ब्रिटननं युरोपीय संघ सोडायचा कौल दिला. ज्यांचं बिऱ्हाड मोडणार होतं, त्यांतले पंधरा वर्षांहून जास्त काळ बाहेर असलेले त्यात मतच देऊ शकले नाहीत. आधीपासून राहत होते त्यांचे हक्क करारानं राखले गेले. २०२१ पासून नव्यानं जाणाऱ्याला मात्र व्हिसा लागतो.

आणि एक गोष्ट कुठल्याच करारात नव्हती. साठीत जोडप्यानं निवडलेलं डोंगरउतारावरचं घर ऐंशीत एकट्या बाईला चढवत नाही. बस नाही, गाडी चालवत होता तो गेला. दवाखाना चांगला, पण दुखणं सांगायला भाषा नाही. स्पेनमध्येही म्हाताऱ्यांचं करायचं ते घरच्यांनी, अशीच रीत चालत आली आहे. मदतीचा हक्क देणारा कायदा तिथं २००६ मध्ये झाला. त्यामुळं नवरा गेल्यावर काही बायका घर विकून ब्रिटनला परतल्या. तोवर तिथल्या घरांचे भाव हाताबाहेर गेलेले.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या फार थोड्याजणी म्हातारपणी परदेशी जातील. पण पेन्शन गोठण्यासाठी परदेशी जावं लागत नाही. आपल्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे, आणि कित्येक वर्षं तो तेवढाच आहे. राज्याची भर पडते म्हणून हातात जास्त येतात. तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी मांडा. पैसे येणार ते कुणाच्या नावानं? महागाईबरोबर वाढणार का, आणि वाढ कोण ठरवतं? राहायचं घर आणि त्याचा उतारा कुणाच्या नावावर? ज्या बाईला ही तीन उत्तरं चाळिशीत माहीत असतात, तिला साठीत कुठं राहायचं हे दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही.