समुद्राकडे पाठ करून जेवणारी माणसं

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या रविवारी मुलीचा वाढदिवस होता. तिचा हट्ट म्हणून सगळे सड्यावरच्या नव्या हॉटेलात जेवायला गेलो. कुठलं हॉटेल ते इथल्या लोकांना सांगायला नको. नाव लिहीत नाही, कारण विषय एका हॉटेलाचा नाही. रत्नागिरीच्या वरखाली पन्नास किलोमीटर गाडी मारलीत तर अशी बरीच दिसतील. कड्याच्या अगदी टोकाला लाकडी डेक, पुढे काचेचा कठडा आणि खाली समुद्र. पहिल्या रांगेतल्या टेबलांना 'व्ह्यू टेबल' म्हणतात. ती आधी फोन करून धरावी लागतात आणि तिथे बसायचं तर बिल ठरावीक रकमेच्या वर जावं लागतं. वाढणारा पोरगा आमच्याच वाडीतला निघाला, त्यामुळे आम्हाला तसंच मिळालं.

आई आली, तिने खुर्ची ओढली आणि समुद्राकडे पाठ करून बसली.

मुलगी म्हणाली, "आजी, इकडे बस ना, सनसेट दिसेल." आई म्हणाली, "दर्यात काय बघायचं? वारा लागतो तोंडावर." सुरमईचा तुकडा मोडता मोडता तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "आपली पाखाडी कुठं गेली रे?"

आजची पोस्ट आईच्या या दोन वाक्यांवर आहे.

आधी पहिलं वाक्य. आपल्या कोकणातली जुनी घरं आठवून बघा. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण घरातून दिसतो का? बहुतेक ठिकाणी नाही. गाव खळग्यात, माडा-पोफळीच्या आत, डोंगराच्या आडोशाला. सड्यावर घर बांधायची पद्धतच नव्हती. कारणं साधी होती. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सड्यावर आडवा येतो. नळ्याचं छप्पर तिथे एक पावसाळा टिकणार नाही. दुसरं कारण पाण्याचं. वरचा जांभा सच्छिद्र, पडलेलं पाणी झिरपून खाली जातं आणि जिथे जांभा संपून मातीचा थर लागतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. म्हणून झरे आणि विहिरी कड्याच्या पायथ्याला, आणि गावंही तिथेच. वर मार्च उजाडला की कातळ तापून तवा होतो. तिसरं कारण कड्याचं. वरचा जांभा टणक, खालची माती मऊ. लाटांनी आणि पाझराने खालची माती सुटते, वरचा दगड पुढे लोंबत राहतो आणि एखाद्या पावसाळ्यात खाली येतो. हे सगळं म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. त्यासाठी त्यांना भूगर्भशास्त्राचा रिपोर्ट लागला नाही.

मग सडा रिकामा होता का? मुळीच नाही. आपल्या कातळांवर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी हत्ती, मासे, माणसांच्या आकृत्या कोरून ठेवल्या आहेत. कशेळीचा हत्ती ज्यांनी पाहिला असेल त्यांना माहीत आहे, तो एका नजरेत मावत नाही. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत ही कातळशिल्पं गेली. त्यात कशेळी, बारसू, उक्षी, जांभरुण, देवीहसोळ अशी आपल्याकडची आठ ठिकाणं आहेत, आणि गोव्यातलं एक. नंतरच्या काळात कड्याच्या टोकावर बांधकाम केलं ते किल्लेदारांनी. रत्नदुर्ग बघा, तीन बाजूंनी पाणी. जयगड बघा, पूर्णगड बघा. तिथून समुद्र बघणं हे काम होतं. कोणाचं जहाज येतंय, आपलं की परक्याचं, हे सांगणाऱ्याला पगार मिळायचा.

आणि रत्नागिरीत उंचावरचा खास समुद्र दिसणारा वाडा सरकारने पहिल्यांदा मोठा खर्च करून कोणासाठी बांधला? एका कैद्यासाठी. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. रत्नागिरीच का? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, रेल्वे नाही, आणि पावसाळ्यात बोटीही बंद. पळून जाणार कुठे? आज आपण ज्याला 'लोकेशन' म्हणतो तेच तेव्हाच्या सरकारला तुरुंग म्हणून सोयीचं वाटलं. १९१० मध्ये राजा नव्या वाड्यात राहायला गेला. सहा वर्षांनी, १९१६ च्या डिसेंबरमध्ये, तो इथेच वारला. त्याची कबरही इथेच आहे. आज थिबा पॉइंटवर आपण पोरांना घेऊन भाट्याची खाडी आणि सूर्यास्त बघायला जातो. त्या नजाऱ्याचा पहिला मानकरी तो बघून कंटाळलेला माणूस असणार, असं मला दरवेळी वाटतं.

आता जेवणाकडे येतो.

बाहेर जाऊन पैसे देऊन जेवणं ही गोष्टच आपल्याकडे फार जुनी नाही. प्रवासी नातेवाइकाच्या ओटीवर जेवायचा, नाहीतर देवळात, धर्मशाळेत. शिवाय कोणी कोणाच्या हातचं खायचं, कोणी कोणाच्या पंगतीत बसायचं, याचे नियम दगडासारखे होते. याच रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी सहभोजनं घडवून आणली आणि १९३३ मध्ये सगळ्या जातींच्या हिंदूंना खुलं असलेलं उपाहारगृह काढलं. एका टेबलावर बसून चहा पिणं ही तेव्हा बातमी होती. म्हणजे 'कोणाला कुठे बसता येतं' हा प्रश्न या गावाला नवा नाही. तेव्हा तो जातीने ठरत होता. आता व्ह्यू टेबलाच्या रकमेने ठरतो. दोन्ही सारखे आहेत असं मी म्हणत नाही. पण प्रश्नाची ठेवण ओळखीची आहे.

आपली बाकीची पिढी बाहेर जेवली ती मुंबईत, खानावळीत. माझे वडील गिरणीत होते, लालबागला. एका खोलीत वीस माणसं पाळीपाळीने झोपायची आणि शेजारच्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवायची. अशा हजारो बायकांनी गिरणगाव पोसला. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांची संघटना बांधली, अन्नपूर्णा महिला मंडळ, तोवर त्यांच्या कामाला कोणी काम म्हणत नव्हतं. वडील सांगायचे, जेवताना समोर भिंत असायची आणि भिंतीवर मारुतीचं कॅलेंडर. दहा मिनिटांत उठायचं, कारण मागे दुसरा उभा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. आमच्या वडिलांपुरता तो कधी मिटलाच नाही. ते गावी परत आले.

गावी काय होतं? भाताची चार खाचरं, आठ-दहा कलमं आणि सड्यावर कातळाचा एक तुकडा. सातबारावर त्या कातळापुढे शब्द होता 'पोटखराबा'. म्हणजे लागवडीला नालायक. त्याला शेतसाराही नव्हता. पावसाळ्यात गवत वाढायचं, गुरं चरायची, दिवाळीनंतर गवत कापून गंजी रचायची. आई लग्न होऊन आली तेव्हापासून त्या सड्यावर शेणी वेचायला जायची, आणि सड्यावरून पाखाडी उतरून खाली खडकात कालवं काढायला. आमच्या आणि शेजारच्या दोन वाड्यांतल्या बायका भरती-ओहोटी बघून त्याच पाखाडीने जायच्या. होळीला पोरं त्याच वाटेने खालच्या पुळणीवर जायची. जांभ्याच्या पायऱ्या कोणी घातल्या, कोणाला माहीत नाही. त्या होत्या.

मग दिवस बदलले. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली. मी तेव्हा डिप्लोमा करत होतो. पुढे पेपरात लागल्यावर 'पर्यटनाला चालना', 'किनारपट्टीचा कायापालट' असे मथळे मी स्वतः दिले आहेत. कात्रणं आहेत माझ्याकडे. त्यात खोटं काही नव्हतं, पण जमिनीच्या खाली काय हलतंय ते मी लिहिलं नाही. बाहेरचे लोक येऊन पोटखराबा विचारू लागले. भातशेती नको, कलमं नकोत, कातळ हवा. म्हातारे हसायचे. कातळाचे पैसे देणारा वेडाच म्हणायचा!

२००७ मध्ये आम्हीही आमचा तुकडा विकला. हे लपवत नाही. वडिलांचं आजारपण होतं आणि बहिणीचं लग्न ठरलं होतं. मिळालेली रक्कम तेव्हा मोठी वाटली. खरेदीखत मी वाचलं होतं, घरात शिकलेला मीच. चतुःसीमा वाचल्या, गट नंबर तपासला, रक्कम मोजली. पाखाडीचा उल्लेख कुठेच नव्हता आणि तो असायला हवा हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वाट काय लिहायची? वाट असतेच की.

आमचा तो तुकडा आज हॉटेलाचं पार्किंग आहे. पाखाडीचं वरचं तोंड पेव्हर ब्लॉकखाली गेलंय आणि कड्याला लागून जाळीचं कुंपण आहे. कालवं काढणाऱ्या बायका आता रस्त्याने वळसा घालून जातात, रिक्षाचे पैसे देऊन. म्हणजे ज्या जात होत्या त्यातल्या काही. बाकीच्यांनी जाणं सोडलं.

हॉटेलवाल्याशी माझं भांडण नाही. आमच्या वाडीतली सहा पोरं तिथे कामाला आहेत, नाहीतर ती मुंबईला किंवा पुण्याला असती. मासळी मिरकरवाड्यावरून येते, भाकऱ्या गावातल्याच बायका करून देतात. जेवणही चांगलं होतं. बांधकाम नियमात आहे की नाही, हे कागद बघितल्याशिवाय लिहिणार नाही. पण नियम काय सांगतात ते लिहितो, कारण त्यावर चर्चा अर्धवट होते.

१९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. १९ फेब्रुवारी १९९१ च्या सीआरझेड अधिसूचनेने त्याचा नियम केला. ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र, त्यापुढे ५०० पर्यंत हॉटेलं अटींवर. २०११ ला नवी अधिसूचना आली, २०१९ ला आणखी एक. या शेवटच्या अधिसूचनेत, २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकसंख्या असलेल्या ग्रामीण भागात तो २०० मीटरचा पट्टा ५० वर आला. आपली सगळी भांडणं या आकड्यांवर होतात. दोनशे की पन्नास.

पण याच नियमांत हॉटेलांसाठीच्या अटींमध्ये आणखी एक अट १९९१ पासून आहे. लोकांना किनाऱ्यावर जाता यावं म्हणून दोन हॉटेलांच्या मध्ये किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडायची. आणि कुंपण घातलं तरी त्याने किनाऱ्यावर जाण्याची वाट अडता कामा नये. किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट राहिली पाहिजे, ही गोष्ट तीस वर्षांपेक्षा जास्त काळ कागदावर आहे. ती मागायला कोणी गेलं नाही. मीही नाही.

कड्यावर बसून जेवायला माझा विरोध नाही. माझी मुलगी खूश होती, मीही होतो. समुद्र बघावासा वाटणं यात गैर काय? मागच्या पिढ्यांना समुद्राकडे पाठ करावी लागली, पुढची पिढी तोंड करून बसतेय, तर बरंच आहे. फक्त तोंड करून बसण्याचे पैसे लागतात, तेव्हा उतरून जायची वाट तरी फुकट राहिली पाहिजे.

म्हणून तीन गोष्टी करायच्या ठरवल्या आहेत. एक, भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढतोय. जुन्या नकाशात पाऊलवाटा तुटक रेषेने दाखवलेल्या असतात, आपली पाखाडी त्यात असेल तर काम सोपं होईल. दोन, नसली तरी त्या वाटेने चाललेल्या माणसांचे जबाब लिहून घ्यायचे, पहिला आईचा. तीन, १ मेच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा. पार्किंगच्या कडेने वाट मोकळी करायला हॉटेलवालाही नाही म्हणणार नाही, असं मला त्याच्याशी बोलल्यावर वाटलं. नाही म्हणाला तर तेही इथेच लिहीन.

त्या दिवशी बिल देऊन बाहेर आलो. आई गाडीत बसायच्या आधी पार्किंगच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. चपलेने पेव्हर ब्लॉक दाबून म्हणाली, "इथंच. पहिली पायरी तुटकी होती, जपून पाय टाकावा लागायचा." मग तिने पहिल्यांदा वळून खाली समुद्राकडे पाहिलं. ओहोटी होती. "आज कालवं मिळाली असती," एवढंच म्हणाली.

तुमच्या गावात अशी एखादी पाखाडी, वाट, घाटी असेल, चालू किंवा बंद, तर तिचं नाव आणि ती कुठून कुठे जाते ते खाली लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. नोंद करून ठेवू. एकदा लिहायचं राहिलं, त्याचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.