एका बापाने घडवलेली झडप

१९५५ साली अमेरिकेत जॉन होल्टर या कारागिराला मुलगा झाला. त्याच्या मेंदूत द्रव साठत होता. तो नळीने हृदयाकडे वळवावा, तर रक्त उलटे शिरून नळी तुंबे. होल्टरने १९५६ मध्ये सिलिकॉनची एकाच दिशेने उघडणारी झडप घडवली. मुलगा मात्र बालपणीच गेला.

पुढे नळीचे टोक पोटात सोडले जाऊ लागले. १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले. या शस्त्रक्रियेत पोट वायूने फुगवतात. तोच वायू नळीतून मेंदूत चढला तर? भीती रास्त होती. प्रयोगशाळेत मात्र झडपांनी नेहमीच्या १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याहून कितीतरी अधिक दाब थोपवला. माझ्या मते खरी चिंता निचऱ्याची: पोटातला दाब वाढला की तो मंदावतो, मेंदूतला दाब चढू शकतो. म्हणून आधी नळी वाहती असल्याची खात्री करतात आणि वायूचा दाब शक्य तितका कमी ठेवतात.